जुन्या रायफलीची किंमत कशी काढायची? नवख्यांसाठी पायरीपायरीने

शंभर वर्षांची रायफल म्हणजे लाखमोलाची, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी रायफली कारखान्यांनी कोट्यवधींच्या संख्येने काढल्या. एकट्या जर्मन ९८-के माउझरची संख्या सव्वा कोटीच्या पुढे जाते आणि रशियन मोसिन-नागांची तीन कोटींच्या. वयाने आजोबा, पण जिकडेतिकडे सापडणाऱ्या अशा रायफलीला नुसत्या वयावर कोणी पैसे देत नाही. संग्राहक पैसे मोजतो ते मूळपणाला. कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा होती तशी ती आज किती उरली आहे, यावर भाव ठरतो. पुढच्या पायऱ्या याच प्रश्नाभोवती फिरतात, आणि त्यांचा क्रम मोडू नये. बहुतेक नवखे थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात, म्हणजे कुठेतरी तशीच दिसणारी रायफल शोधतात आणि तिचा आकडा आपल्या रायफलीला चिकटवतात. तिथेच गणित फसतं.

आधी ती रिकामी आहे याची खात्री

बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) किंवा लीव्हर उघडा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, डोळ्यांनी बघा, बोट घालून चाचपा, मॅगझिन (काडतुसांचा कप्पा) रिकामं करा. तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या, म्हणजे ठासणीच्या बंदुकीत उघडून बघायला काहीच नसतं, म्हणून ती जास्त धोक्याची. पिढ्यानपिढ्या भिंतीवर टांगलेल्या ठासणीच्या बंदुकीत बार तसाच भरलेला सापडणं ही काही नवलाची गोष्ट नाही. त्यासाठी सोपी युक्ती अशी: नळीचं तोंड स्वतःकडे न धरता एक लाकडी काठी नळीत तळापर्यंत सरकवा आणि तोंडाशी काठीवर पेन्सिलीने खूण करा. मग काठी बाहेर काढून ती खूण नळीच्या तोंडाशी जुळवून नळीच्या बाहेरून तशीच आडवी धरा. काठीचं टोक मागे कानापर्यंत, म्हणजे बत्ती किंवा टोपी जिथे बसते तिथवर पोचलं तर नळी रिकामी. दोन-चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. असं झालं तर ती बंदूक जाणकाराच्या हाती द्या, स्वतः खरवडत बसू नका.

दस्त्याच्या टोकाला झाकण असेल तर तेही उघडा. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात जुनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली विंचेस्टर कंपनीची १८७३ मॉडेलची एक रायफल सापडली. ऊनपावसाने दस्त्याला भेगा गेलेल्या, लोखंड तांबूस झालेलं. वायोमिंगमधल्या कोडी इथल्या शस्त्रसंग्रहालयाने नंबरावरून ती १८८२ ची असल्याचं सांगितलं आणि तिचा एक्स-रे काढला. चेंबर रिकामं निघालं, पण दस्त्यातल्या पोकळीत एक काडतूस दडलेलं होतं.

कायद्याचंही इथेच उरकून घ्या. 'अँटिक' कशाला म्हणायचं हे प्रत्येक देश आपापल्या परीने ठरवतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधीचं उत्पादन ही मुख्य रेषा आहे, तर ब्रिटनमध्ये वयाबरोबर काडतूस कालबाह्य झालं आहे का हेही बघतात. तुम्ही राहता तिथे ही रायफल परवान्याशिवाय ठेवता, हलवता किंवा विकता येते का, हे समजल्याशिवाय ती घेऊन मूल्यांकनाला निघू नका. शिवाय कायद्याचा भावावर थेट परिणाम होतो. अमेरिकेत १८९८ ची रायफल आणि तिचीच १८९९ ची बहीण यांच्या भावात कधीकधी फरक दिसतो, तो निव्वळ या रेषेमुळे.

ती नेमकी कोण आहे ते ओळखा

नळीचा वरचा भाग, रिसीव्हरच्या (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या लोखंडी सांगाड्याच्या) दोन्ही बाजू, चापाच्या मागची लोखंडी जीभ, बोल्टची दांडी, माशीचा (नेम धरायच्या खुणेचा) बुंधा, नळीची लाकडाखाली झाकलेली बाजू, या सगळ्या जागा बघा. विजेरी तिरपी धरली की पुसट अक्षरंही उठून दिसतात. अक्षर वाचता यावं म्हणून घासू नका, नखानेसुद्धा नाही. प्रत्येक खुणेचा जवळून फोटो घ्या आणि जे दिसतं ते तसंच लिहून काढा, अर्थ नंतर लावता येतो.

इथे दोन सापळे आहेत. नळीवर कोरलेली तारीख ही बऱ्याचदा पेटंटची असते. विंचेस्टर १८७३ च्या नळीवर १८६६ आणि १८६० अशी सालं दिसतात, म्हणून ती रायफल १८६० ची होत नाही. दुसरा सापळा मॉडेलच्या नावातल्या सालाचा. विंचेस्टर १८९४ हे मॉडेल थेट २००६ पर्यंत बनत होतं. खरं साल नंबरावरून निघतं. बहुतेक मोठ्या कारखान्यांच्या नंबर आणि सालांच्या याद्या उपलब्ध आहेत, पण त्याही तारतम्याने वापरायच्या, कारण काही याद्या कारखान्याच्या मूळ नोंदींवरून केलेल्या आहेत आणि काही नंतर अंदाजाने.

लष्करी रायफली या बाबतीत जास्त बोलक्या असतात. ब्रिटिश ली-एनफिल्डच्या दस्त्याची मान जिथे लोखंडी कड्यात बसते तिथे उजव्या बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखान्याचं नाव, साल आणि मार्क, म्हणजे मॉडेलचा क्रमांक, अशी ओळीने माहिती असते. व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया, ई. आर. म्हणजे एडवर्ड, जी. आर. म्हणजे जॉर्ज. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. तेव्हा व्ही. आर. खाली १९१९ असं साल दिसलं तर ती रायफल एनफिल्डची नाही, बहुधा खैबर खिंडीच्या परिसरातल्या कारागिरांनी हाताने घडवलेली नक्कल आहे. अशा नकलांमध्ये इंग्रजी एन उलटा पडलेला, स्पेलिंग चुकलेलं, मुकुट वाकडा, असं काहीबाही सापडतं. कारागिरी म्हणून मला त्या फार आवडतात आणि त्यांचा वेगळा संग्राहकवर्गही आहे. पण भाव खऱ्या एनफिल्डचा लावायचा नाही, आणि त्या झाडायच्या तर मुळीच नाहीत.

जर्मन माउझरवर युद्धकाळात कारखान्याचं नाव लपवून सांकेतिक अक्षरं मारत. बी-वाय-एफ म्हणजे ओबर्नडोर्फचा माउझर कारखाना, बी-एन-झेड म्हणजे श्टायर, डी-ओ-टी म्हणजे ब्रनो. खासगी बनावटीच्या रायफलीवर चाचणीगृहाचे, म्हणजे नळीची ताकद तपासणाऱ्या संस्थेचे, शिक्के शोधा. लंडन, बर्मिंगहॅम, बेल्जियममधलं लीज, प्रत्येकाचा शिक्का वेगळा आणि काळानुसार बदललेला. लीजच्या लंबगोलातली ई-एल-जी ही अक्षरं एकदा ओळखीची झाली की ठिकठिकाणी भेटू लागतात. नव्या इटालियन प्रतिकृतींवरही चाचणीगृहाचे शिक्के असतात, आणि लबाड माणूस ते घासून काढतो. म्हणून शिक्का असायला हवा त्या जागी धातू किंचित खोलगट आणि गुळगुळीत लागला तर सावध व्हा.

मूळपणाची तपासणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

सुरुवात नंबरांपासून. अनेक लष्करी रायफलींच्या सुट्या भागांवर मुख्य नंबर किंवा त्याचे शेवटचे दोन आकडे मारलेले असतात. ९८-के माउझरमध्ये तर बोल्टपासून नळीवरच्या कड्यांपर्यंत आणि स्क्रूपर्यंत नंबर सापडतात. सगळे जुळले तर भाव एकदम वरच्या पायरीवर जातो, नुसता बोल्ट वेगळा निघाला तरी चांगलाच उतरतो. मात्र जुळणारे नंबर म्हणजे मूळचेच नंबर असं नाही. रशियनांनी युद्धात हस्तगत केलेल्या माउझर पुढे गोदामांत सुट्या करून, साफ करून पुन्हा जोडल्या आणि भागांवर नवा नंबर विजेच्या लेखणीने कोरून 'जुळवला'. जुना नंबर रेघ मारून खोडलेला, शेजारी नाजूक कोरीव आकडे, दस्त्यावर लाखेची चकाकी, रिसीव्हरवर कधी फुलीची खूण, असं दिसलं की ती त्या वंशातली. इतिहास म्हणून ती खरीच आहे, फक्त तिचा भाव वेगळा.

उलट बाजूचं उदाहरण अमेरिकन एम-१ गॅरंडचं. १९३६ मध्ये स्वीकारलेली ही रायफल लष्कराच्या कार्यशाळांमधून पुन्हा पुन्हा दुरुस्त होऊन निघाली, त्यामुळे वेगवेगळ्या कारखान्यांचे भाग एकत्र असणं हीच तिची नेहमीची अवस्था. गॅरंडचे सगळे भाग एकाच कारखान्याचे आणि एकाच काळातले आहेत असं विक्रेता सांगू लागला, तर ते भाग कोणी अलीकडे गोळा करून बसवलेत का, हे विचारायला संकोचू नका.

मग झिलई. पोलादावरच्या निळसर-काळ्या थराला सगळे ब्लूइंग म्हणतात. मूळ ब्लूइंग हाताळलेल्या जागी, कडांवर, नळीच्या तोंडाशी झिजतं आणि बाकी ठिकाणी टिकतं. झीज वापराशी जुळली पाहिजे. एखाद्या रायफलीचं ब्लूइंग सगळीकडे सारखं काळंभोर दिसतं, पण नळीवरची अक्षरं उथळ आणि कडा गोलसर झालेल्या, तर ती पॉलिश करून पुन्हा ब्लू केलेली आहे. स्क्रूच्या भोकांकडे भिंगातून बघा. पॉलिशच्या चाकावर धरलेल्या लोखंडात भोकाची कड बशीसारखी खोलगट होते. गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशी चकचकीत निळा रंग दिसला तर तिथे वेगळ्या पुराव्याची गरज नाही, कारण आधी गंज चढला आणि मग रंग, हे उघड आहे. स्क्रूच्या खाचाही बघा. चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने फाटलेल्या खाचा सांगतात की आत कोणाचा तरी हात फिरला आहे.

लाकडाचंही तसंच. कारखान्यातून निघताना दस्ता धातूपेक्षा केसभर वर असतो. बोट लाकडावरून धातूकडे सरकवा. धातूची कड बोटाला टोचली तर लाकूड कधीतरी सँडपेपरने घासलेलं आहे. दस्त्याच्या बुडाची पट्टी चहूबाजूंनी लाकडाबाहेर डोकावत असेल तर शंकाच नको. लष्करी दस्त्यांवरचे तपासनिसांचे शिक्के घासण्यात पुसट होतात. घासलेल्या लाकडावर शिक्का मात्र कालच मारल्यासारखा ठसठशीत असेल, तर तो कालचाच समजा.

शेवटी न भरून येणाऱ्या जखमा. रिसीव्हरला दुर्बिणीसाठी पाडलेली जादा भोकं, कापून आखूड केलेली नळी, दस्त्याच्या टोकाला रबरी गादी बसवण्यासाठी कापलेलं लाकूड. युद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या हजारो अमेरिकन स्प्रिंगफिल्ड आणि ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलींचं लोकांनी पुढचं लाकूड कापून शिकारीच्या रायफली करून टाकल्या. त्या चांगल्या चालतात, पण संग्राहक त्यांच्याकडे सुट्या भागांचा साठा म्हणून बघतो.

याच ओघात एक विनवणी: तुमच्या हातात आलेली रायफल चमकवू नका. तारेचा ब्रश नको, पॉलिश नको, बाटलीतलं ब्लूइंग नको, दस्त्याला वॉर्निश तर अजिबात नको. मऊ सुती कापड आणि थेंबभर हलकं तेल पुरे. दीडशे वर्षांत जमलेला तपकिरी थर एका दुपारी निघतो आणि त्याबरोबर निम्मी किंमतही जाऊ शकते. ग्रेट बेसिनच्या त्या विंचेस्टरलासुद्धा संग्रहालयाने नवं रूप दिलं नाही, भेगाळलेलं लाकूड आणखी सुटू नये एवढंच केलं.

अवस्थेला दर्जा द्या

बाजारात बोलली जाते ती भाषा अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या दर्जांची. गोम अशी की आधुनिक आणि अँटिक शस्त्रांसाठी दोन वेगळ्या पट्ट्या आहेत आणि शब्द मात्र बरेचसे तेच. अँटिकच्या पट्टीत 'एक्सलंट' म्हणजे सगळे भाग मूळचे आणि ८० टक्क्यांहून जास्त मूळ झिलई शिल्लक, 'फाइन' म्हणजे ३० टक्क्यांहून जास्त, आणि 'व्हेरी गुड' म्हणजे भाग मूळचे पण झिलई शून्य ते ३० टक्के. आधुनिक पट्टीवर 'व्हेरी गुड' म्हणजे व्यवस्थित चालणारी, नजरेत भरेल असा गंज वा ओरखडे नसलेली रायफल. विक्रेता कोणत्या पट्टीवर बोलतोय हे विचारून घ्या.

टक्के काढताना सगळ्या रायफलीकडे एकदम बघून आकडा फेकू नका. नळी, रिसीव्हर, मॅगझिनची नळी, बुडाची पट्टी असे भाग वेगळे धरा, प्रत्येकाचे टक्के लिहा आणि मग एकंदर अंदाज बांधा. आपल्या मालकीच्या वस्तूला माणूस हमखास दहा-पंधरा टक्के जास्त देतो. जमलं तर आपला आकडा न सांगता दुसऱ्या कोणाला तरी मोजायला लावा.

नळीच्या आतल्या आट्या (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) उजेडासमोर धरून बघा: धारदार आहेत का, गडद डाग आहेत की खड्डे. जुन्या काडतुसांचे क्षार नळी खात, त्यामुळे बाहेरून देखणी आणि आतून चाळण झालेली रायफल भेटणं नवलाचं नाही. शिकारी किंवा नेमबाजीच्या रायफलीत हा दोष भारी पडतो. एकोणिसाव्या शतकातल्या दुर्मिळ रायफलीत तो बराचसा खपून जातो, कारण ती झाडायला कोणी घेत नाही.

दुर्मिळता, आणि तिचा आव

एकाच मॉडेलमध्ये भाव दहापट बदलू शकतो. विंचेस्टर १८७३ एकंदर सात लाखांच्या वर बनल्या. त्यांतल्या नेमबाजीत उत्तम उतरलेल्या नळ्या निवडून 'वन ऑफ वन थाउजंड' अशी अक्षरं कोरून विकलेल्या रायफली दीडशेहूनही कमी आहेत. जपानी लष्कराच्या अरिसाका रायफलीवरचं सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं राजचिन्ह शरणागतीच्या वेळी बहुतेकांवरून घासून काढलं गेलं, म्हणून फूल शाबूत असलेली रायफल जास्त भावाची. विंचेस्टर मॉडेल ७० मध्ये १९६४ साली खर्च वाचवण्यासाठी बदल केले गेले, आणि तेव्हापासून '६४ आधीची' हा भाव वाढवणारा शब्द होऊन बसला.

जिथे फरक मोठा तिथे बनवेगिरीही मोठी. १८७३ च्या स्प्रिंगफिल्ड ट्रॅपडोरची घोडदळाची कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, २२ इंची नळीची आणि लांब रायफलीपेक्षा महाग, म्हणून लांब रायफली कापून कार्बाइन केल्या जातात. दस्त्यात बुजवलेल्या खाचा शोधल्या की बिंग फुटतं. ली-एनफिल्ड नंबर ४ च्या स्नायपर प्रकारात दुर्बिणीचा नंबर दस्त्याच्या मानेवर मारलेला असतो. तो नंबर आणि प्रत्यक्ष दुर्बीण जुळते का, हा पहिला प्रश्न.

स्मारक आवृत्त्यांबद्दल माझं मत कडवट आहे. सोनेरी मुलामा, पदक जडवलेला दस्ता, देखणी पेटी, पण विंचेस्टरने १९६६ मध्ये शताब्दीनिमित्त काढलेल्या रायफलीच लाखाच्या घरात होत्या. 'संग्राह्य' म्हणून विकलेली वस्तू सगळ्यांनीच जपून ठेवली की दुर्मिळ कशी होणार? पेटी आणि कागदांसह एकदाही न झाडलेली असेल तर थोडाफार भाव येतो, एरवी साध्या रायफलीइतकाच.

कागद आणि कहाण्या

'ही अमुक सेनापतीची रायफल' हे वाक्य कागदाशिवाय शून्य किमतीचं धरा, सांगणारा कितीही सज्जन असो. रायफलीला पैसे द्यायचे, कहाणीला नाहीत. कागद म्हणजे जुनी पावती, काळाशी जुळणारा फोटो, ज्यात नंबर लिहिलाय असं पत्र, कारखान्याच्या नोंदीचा उतारा. विंचेस्टरच्या काही जुन्या मॉडेलांच्या मूळ नोंदवह्या कोडीच्या संग्रहालयात आहेत आणि नंबर दिला की शुल्क घेऊन ते पत्र देतात: नळी कोणती, चाप कोणता, कारखान्यातून कधी निघाली. नोंदीत अष्टकोनी नळी लिहिली असेल आणि हातातली गोल असेल, तर पत्राचे पैसे वसूल झाले.

कागद पक्के असले की काय होतं त्याचा नमुना म्हणजे विंचेस्टर १८८६ ची १ नंबरची रायफल. अपाची नेता जेरोनिमो याला पकडण्याच्या मोहिमेतले कॅप्टन हेन्री लॉटन यांना ती भेट मिळाली होती. २०१६ मध्ये लिलावात ती १२ लाख ६५ हजार डॉलरना गेली. पहिला नंबर, नाव कोरलेलं आणि मालकीची साखळी स्पष्ट, हे तिन्ही एकत्र येणं फार विरळा.

आता आकडा

मागितलेल्या किमती बघू नका, मिळालेल्या बघा. विक्रीला लावलेली आणि वर्षभर तशीच पडून राहिलेली रायफल तुम्हाला फक्त मालकाची आशा दाखवते. लिलावगृहं झालेल्या विक्रीचे आकडे प्रसिद्ध करतात. त्यात हातोडा पडला ती बोली आणि त्यावरचं खरेदीदाराचं शुल्क हे दोन वेगळे आकडे असतात, आणि विकणाऱ्याच्या हाती येते ती रक्कम बोलीतूनही कमिशन वजा होऊन. लॉटनच्या रायफलीचा वरचा आकडा शुल्कासकट आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांतल्या, त्याच मॉडेलच्या, त्याच प्रकारच्या आणि शक्य तितक्या त्याच दर्जाच्या पाच-सहा विक्री शोधा. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची बाजूला ठेवा, कारण दोन हट्टी माणसं एका लिलावात भिडली की भाव वेडावाकडा होतो. उरलेल्यांशी तुमची रायफल फोटो शेजारी ठेवून ताडा. पट्टा, संगीन, मूळ पेटी, दुर्बीण असेल तर त्यांचा हिशोब वेगळा मांडा. उत्तर म्हणून एक आकडा नको, 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असं लिहा आणि खाली तारीख टाका. गोदामातला जुना साठा एकदम बाजारात आला की लष्करी रायफलींचे भाव पडतात, तो आटला की चढतात.

किंमत कशासाठी काढताय त्यावरही आकडा बदलतो. विम्यासाठी लागतो तो तशीच दुसरी विकत घ्यायचा खर्च, तो सर्वात वरचा. व्यापारी रोखीने देईल तो आकडा बराच खाली असतो. त्यात फसवणूक असतेच असं नाही, त्याला दुकान चालवायचं असतं आणि माल महिनोन् महिने पडून राहू शकतो. वारसांमध्ये वाटणी करायची असेल तर या दोन आकड्यांच्या मधला, मोकळ्या बाजारातला भाव धरतात.

रायफल साधी असेल तर एवढ्यावर भागतं. काहीतरी वेगळं हाताला लागलंय असं वाटलं तर लेखी मूल्यांकन करून घ्या. तज्ज्ञ निवडताना तो नेमका याच प्रकारात मुरलेला आहे ना ते बघा, कारण शिकारी बंदुकींचा जाणकार लष्करी माउझरवर चुकू शकतो. त्याचं शुल्क ठरावीक किंवा तासावर असावं, किमतीच्या टक्क्यांत नसावं. आणि मूल्यांकन करता करताच 'मीच घेतो की' म्हणणाऱ्याला रायफल त्या दिवशी देऊ नका, आधी दुसऱ्याला दाखवा.